हळूची खूण

डिसेंबरात पहाटेचं धुकं मैदानावर इतकं खाली उतरतं, की होम प्लेटवर, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायच्या जागी, थांबलं तर समोरचा दुसरा बेस दिसत नाही. रत्नमाला साळवेला ही वेळ फार आवडायची. चुन्याचं घमेलं कमरेवर घेऊन ती पहिल्या बेसच्या दिशेने पांढरी रेघ ओढत निघायची. थोडं पुढे जाऊन मागे वळून पाहावं, तर रेघ जिथून सुरू झाली ती जागाच धुक्यात विरघळलेली असायची. आपण कुठून निघालो, कुठे चाललो, काही कळू नये, पायाशी फक्त एक पांढरी रेघ असावी, हे तिला झोपेतल्यासारखं सुखाचं वाटायचं. राजकुमार सर दर दोन दिवसांनी तिला सांगायचे, "मॅडम, हे शिपायाचं काम आहे." ती "हो सर" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेलं उचलायची.

राजकुमार सर मुलींच्या या कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक, आणि रत्नमाला अकरा वर्षं त्यांची सहायक. सहायक म्हणजे काय ते तिलाच विचारावं. हेल्मेटचे तुटलेले पट्टे शिवा, मुलींच्या आयांना फोन करून "पोरगी माझ्याजवळ आहे, काळजी करू नका" म्हणा, बसमध्ये कुणाला उलटी होते ते लक्षात ठेवून तिला खिडकीशी बसवा. आणि सामना सुरू झाला की बाकाच्या अगदी कडेला बसून खुणा द्या. हे शेवटचं काम मात्र तिचं स्वतःचं होतं. त्यात सरसुद्धा लुडबुड करत नसत.

खुणांचं असं आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू टाकते आणि तिच्यासमोर, बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे, कॅचर उकिडवी बसून तो झेलते. कुठला चेंडू टाकायचा हे कॅचर पिचरला बोटांनी सांगते, आणि कॅचरला ते बाकावरून कुणीतरी सांगतं. एक बोट म्हणजे जोरात. दोन बोटं म्हणजे ऐनवेळी खाली पडणारा. आणि तळहात जमिनीकडे करून हवा दोनदा हलकेच दाबली की हळू, म्हणजे जोराचा आव आणून टाकलेला हळू चेंडू. ही शेवटची खूण दुसऱ्या कुठल्या संघात सापडायची नाही. ती वाळूजहून आलेली.

रत्नमालाचे वडील, बन्सी साळवे, वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून तुकडे काढणाऱ्या यंत्रांवर होते. घरात त्यांना अण्णा म्हणत. पत्र्यावर प्रेस आदळायला लागले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून तिथली सगळी माणसं हातांनी बोलायची. चहा आला, साहेब आला, थांब माझा हात आत आहे, सगळ्याला खूण. तळहाताने हवा दाबली की 'हळू, घाई करू नको'. अंगठा खांद्यावरून मागे उडवला की 'तुकडा बाद, फेकून दे'. तीस वर्षांत प्रेसने अण्णांचं एकही बोट घेतलं नाही, कान मात्र दोन्ही घेतले. भावसिंगपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मग आवाज कमी कमी होत गेले आणि हात बोलायला लागले. रत्नमाला शाळेत अक्षरं शिकली त्याच सुमारास घरात या खुणा शिकली.

तर त्या सोमवारी सराव संपल्यावर राजकुमार सरांनी तिला थांबवून घेतलं. जानेवारीअखेर ते निवृत्त होणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

"शुक्रवारी मुलाखत आहे, मॅडम. माझ्या जागेसाठी तुम्ही आणि बाहेरचे दोघं. एका पानाचा परिचय लिहून आणा. शिक्षण, अनुभव, खेळाची पार्श्वभूमी. ते दोघंही मोठमोठ्या फायनल खेळलेले आहेत, तेव्हा पार्श्वभूमीत हात आखडू नका. आणि तो फोटो लावा."

"कुठला फोटो, सर?"

"घ्या! कुठला म्हणून मलाच विचारतात."

"भिंतीवरचा हो, मॅडम," किट भरता भरता तनुजा मध्येच बोलली. ही संघाची कॅचर, चिकलठाण्याहून सिटी बसने येणारी, तोंडाने फटकळ आणि गुडघ्यांनी घट्ट. "मास्कवाला. आम्ही चहाला आलतो तवा अण्णांनी दाखवला की. काय भारी बसल्यात तुम्ही त्याच्यात! मी तर तो फोटो बघूनच बसायला शिकले."

रत्नमाला हसली. मग तनुजाकडे न पाहता ती हेल्मेट पिशवीत भरायला लागली. कारण त्या फोटोतली मास्कवाली कॅचर ती नव्हतीच.

ती सुलेखा होती. सोळा वर्षांपूर्वी आंतरविद्यापीठ स्पर्धा इथेच, विद्यापीठाच्या मैदानावर झाली, तेव्हा आपल्या संघाची पहिली कॅचर सुलेखा आणि राखीव कॅचर रत्नमाला. रत्नमालाची सगळी कारकीर्दच या 'राखीव' शब्दात मावते. शाळेत ती कॅचर झाली ती पण अशीच: उन्हात दोन तास उकिडवं बसायला कुणी तयार नव्हतं, आणि ही पोरगी लहानपणापासून भांडी घासताना तशीच बसायची. कॉलेजात खेळली, चांगली खेळली. विद्यापीठाच्या संघात तीन वर्षं निवड झाली. आणि तीन वर्षांत मोठ्या स्पर्धांत ती प्रत्यक्ष खेळली किती, तर एकही इनिंग नाही. सुलेखा कधी आजारी पडली नाही, कधी लंगडली नाही, तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. रत्नमाला पिचरना सरावाचे चेंडू टाकायला लावायची, पाणी द्यायची आणि बाकाच्या कडेला बसायची.

पण बसून बसून तिला एक सवय लागली. ती समोरच्या संघाच्या मुलींकडे टक लावून पाहायची. कोण बॅट घट्ट धरते, कोण चेंडू यायच्या आधी टाच उचलते, कुणाचा खांदा घाईने उघडतो. तीन दिवस एखाद्या मुलीकडे असं पाहिलं की ती स्वप्नात यायची आणि स्वप्नातही तशीच टाच उचलायची. विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक सुदर्शन सर चटकन घाबरायचे. फायनलला कुठली खूण द्यावी ते त्यांना सुचेना, तसे ते रत्नमालाजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तूच दे गं खुणा. तुला त्या पोरी जास्त कळतात." मग तिने दिल्या. पूर्ण फायनल, पहिल्या चेंडूपासून.

शेवटची इनिंग तिला आजही दिसते, पण आवाज नसलेली. मैदानाभोवती हजारभर माणसं ओरडत होती म्हणतात, तिला काही ऐकूच आलं नव्हतं. अण्णांच्या कानांत जी शांतता असते तीच त्या दिवशी तिच्या कानांत येऊन बसली होती. गोगाबाबाच्या टेकडीवर ऊन कलतं होतं. आपण एका रनने पुढे, समोरच्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, दोघी बाद झालेल्या, आणि बॅट घेऊन उभी राहिली ती त्यांची सगळ्यात दांडगी पोरगी. दोन स्ट्राइक झाले होते, म्हणजे आणखी एक चेंडू हुकला की ती बाद आणि सामना आपला. अशा वेळी सगळं जग जोराचा चेंडू मागतं. रत्नमालाने पाहिलं, पोरीची टाच आत्ताच उचलली जात होती. तिने तळहात जमिनीकडे केला आणि हवा दाबली. हळू. सुलेखाने मान वळवून पाहिलं, तिचा विश्वास बसेना. रत्नमालाने पुन्हा दाबली. हळू. मग पिचर मोनिकाच्या हातातून तो चेंडू निघाला, आणि तो अजूनही येतोच आहे असं रत्नमालाला कधीकधी झोपेत वाटतं. रुईच्या म्हातारीसारखा तरंगत आला. दांडग्या पोरीची बॅट त्याच्या कितीतरी आधी फिरून गेली होती.

सगळ्या मोनिकाकडे धावल्या, तिला उचललं, सुलेखाला उचललं. रत्नमाला हेल्मेट गोळा करत होती, कारण ती कुणी गोळा केली नाहीत तर हरवतात. स्कोअरशीटवर खुणा कोण देतं त्याचा रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नाइट करून आले ते धावतच. हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. शिफ्टच्या बसमध्ये कुणीतरी पेपर उघडला होता आणि त्यात फायनलचा फोटो होता: उकिडवी बसलेली कॅचर, तोंडावर मास्क, छातीवर गार्ड, मान किंचित वळलेली. खाली नाव नव्हतं. 'अंतिम सामन्यातील एक क्षण', एवढंच. अण्णांची पोरगी कॅचर, फोटोत कॅचर. त्यांनी अख्ख्या बसला पेढे वाटले होते. दारातूनच ते मोठ्याने म्हणाले, "मने, पेपरात आली गं पोरगी!" ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज नेहमीच मोठा. रत्नमालाची आई मनकर्णाबाई बाहेर आल्या, शेजारपाजारचे आले. रत्नमाला केस विंचरत होती. कंगवा केसांत तसाच राहिला आणि तिने हे खोटं आहे असं सांगितलं नाही.

संध्याकाळी सांगू म्हणाली. मग उद्या. पुढच्याच आठवड्यात अण्णा त्या पेपरच्या ऑफिसात जाऊन फोटोची मोठी प्रिंट करून घेऊन आले, चांगली दोन हात लांब, आणि फ्रेम करून तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली लावली. आता तर कसं सांगणार? असं खोटं एकदा भिंतीवर चढलं की ते घरातलंच होऊन जातं. रोज सकाळी अण्णा फडकं घेऊन आधी वरच्या दोन तसबिरी पुसायचे आणि मग हा फोटो. आल्यागेल्याला तिथे नेऊन बोट दाखवायचे, "ही माझी पोरगी." त्यांचं बोट थरथरायचं, नेमकं कुठे टेकायचं कुणास ठाऊक. पाहणाऱ्याला मास्क दिसायचा आणि तो मान डोलवायचा. नऊ वर्षांपूर्वी घरात फ्रिज आला, त्यावर स्टॅबिलायझरचा मोठा डबा बसला आणि फोटोची उजवी कड त्याच्या मागे गेली. "तो डबा हलवा की तिथनं," अण्णा अधूनमधून कुरकुरायचे. "मंग वायर कुठवर ओढू?" मनकर्णाबाई विचारायच्या, आणि ते तिथेच राहायचं. रत्नमाला त्या भिंतीकडे शक्यतो पाहायचीच नाही. पाणी प्यायला फ्रिज उघडायची तेव्हाही नजर खाली.

मंगळवारी, बुधवारी तिने तो परिचय लिहायला घेतला. जन्म लिहिला, शिक्षण लिहिलं. 'खेळाची पार्श्वभूमी' असं लिहून खाली रेघ ओढली आणि पेन थांबलं. खरं लिहावं, तर पार्श्वभूमीत काय होतं? तीन वर्षं एक बाक. फोटो लावावा, तर जागा मिळेलही, पण मग रोज सकाळी धुक्यात ज्या रेघा ती ओढायची त्यातली एकही सरळ वाटणार नाही. आणि फोटो न लावता खरं लिहिलं, तर राजकुमार सर विचारणार, तनुजा विचारणार, आणि आज ना उद्या ते अण्णांपर्यंत जाणार. दुसऱ्या कुणाकडून तरी. तिला जागेची भीती वाटत नव्हती असं नाही, वाटत होतीच. पण खरी भीती त्या फडक्याची होती. ज्या दिवशी कळेल, त्याच्या दुसऱ्या सकाळी अण्णा फडकं घेऊन उठतील, वरच्या दोन तसबिरी पुसतील आणि तिसऱ्याशी येऊन काय करतील? हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

गुरुवारी दुपारी ती घरी आली तेव्हा उंबऱ्यापर्यंत ऊन आलं होतं. मनकर्णाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अण्णा पलंगावर, पाय उन्हात सोडून. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून नेहमीसारखं डबीत. सगळं इतकं निवांत होतं, की घरात शिरताना आपण पाण्यात उतरतोय असं तिला वाटलं. ती अण्णांसमोर खाली बसली, उकिडवी, कॅचर बसते तशी.

तोंडाने सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि हे काही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून तिने हातांनी सांगितलं. बोट भिंतीवरच्या फोटोकडे. मग स्वतःच्या छातीवर. मग हात आडवा हलवला: नाही. ती मी नाही.

अण्णा तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. त्यांना कळलं नसावं असं वाटून तिने पुन्हा सांगितलं. फोटो. मी. नाही. मग पुढे काय? सोळा वर्षं तुम्हाला फसवलं याला प्रेस शॉपमध्ये खूण नव्हती. तिथे सापडली ती एकच. तिने स्वतःकडे बोट केलं आणि अंगठा खांद्यावरून मागे उडवला. मी बाद. फेकून द्या. एवढं करेपर्यंत तिचे डोळे भरून आले होते.

अण्णांनी पुढे वाकून तिचा तो अंगठा मुठीत धरला. घट्ट धरला, अगदी दुखेल इतका.

"उठ," ते म्हणाले. "तो डबा काढ आदी."

"अवो, फ्रिज बंद पडंल की," मनकर्णाबाई म्हणाल्या.

अण्णांना ते ऐकू गेलं नाही किंवा त्यांनी ऐकलं नाही. रत्नमालाने पिन काढली, दोन्ही हातांनी स्टॅबिलायझर उचलून खाली ठेवला. फोटोची उजवी कड उघडी पडली. नऊ वर्षं उजेड न लागल्यामुळे तेवढ्या पट्टीचे रंग अजून ताजे होते. बाकीचा फोटो पिवळट पडलेला, आणि ही वीतभर जागा जशी काही काल काढलेली. तिथे संघाचा बाक होता. बाकाच्या अगदी कडेला निळं जर्किन घातलेली एक मुलगी बसली होती. तोंड धूसर होतं. पण तिचा उजवा हात पुढे आलेला होता, तळहात जमिनीकडे.

रत्नमाला काचेजवळ वाकली. मग तिला दिसलं, की मास्कमधल्या सुलेखाची मान जी वळलेली आहे ती या हाताकडे वळलेली आहे. वर्तमानपत्रात ही कड कापलेली होती, म्हणून तिथे ती कॅचर कुठेच पाहत नव्हती.

"पेपरात म्याबी चुकलो," मागून अण्णांचा मोठा आवाज आला. "मास्कात काय दिसतंय? मला वाटलं तूच. मंग मोठा फोटू आनाया गेलो. त्या फोटूवाल्यानं कंप्युटरावर अख्खा दावला. कानाशी वरडून म्हनला, काका, पेपरला एवढाच कापून घेतलाय, तेवढाच देऊ का? म्या बघितलं तर मास्कवाली दुसरीच. बसायची ढबच येगळी. लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पेढे वाटले होते म्या. आन् मंग ह्या कडंला नजर गेली." ते उठून तिच्याजवळ आले. त्यांचं थरथरतं बोट काचेवरून सरकत सरकत बरोबर त्या तळहातावर जाऊन थांबलं. "तोंडावरनं मानूस चुकंल. ह्या हातावरनं चुकंन का मी? ह्यो हात म्या शिकवलाय. हळू म्हनतोय त्यो. म्हनलं, कापू नका, अख्खा द्या."

"तुम्ही बोलला का नाही मग?" ती ओरडली. ओरडल्याशिवाय त्यांना कळलं नसतं, आणि तिला ओरडायचंही होतं.

"तू बोललीस व्हय?" अण्णा म्हणाले. "तू फोटूकडं बघतच नव्हतीस. म्हनलं पोरीला ठाव हाय, पोरगी लाजती. म्या तर समद्यांला खरंच सांगत व्हतो. ही माझी पोरगी. लोक भलतीकडंच बघायचे त्याला मी काय करू? आन् मंग तुझ्या आईनं त्यो डबा आनून ठिवला."

"घ्या, आता माझ्यावर आलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. पण त्या शेंगा सोडून उठल्या होत्या आणि पदराने त्या उघड्या पट्टीवरची धूळ पुसत होत्या. त्यांचेही डोळे भरले होते. तिघं बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली, आणि त्या बंद पडलेल्या फ्रिजशेजारी रत्नमालाला पुन्हा ती फायनलमधली शांतता ऐकू आली. सोळा वर्षं ती ज्या घरात मान खाली घालून वावरली, त्या घराच्या भिंतीवर ती होतीच. एक माणूस रोज सकाळी तिच्यासाठी तो फोटो पुसत होता.

संध्याकाळी तिने परिचय पुरा केला. पार्श्वभूमीत चारच ओळी झाल्या. विद्यापीठाच्या संघात तीन वर्षं राखीव कॅचर. मोठ्या स्पर्धेत प्रत्यक्ष खेळलेल्या इनिंग: शून्य. अंतिम सामन्यात सर्व चेंडूंच्या खुणा बाकावरून दिल्या. सोबत छायाचित्र: मास्कमध्ये सुलेखा, उजव्या कडेला रत्नमाला साळवे. लिहून झाल्यावर तिने मोबाइलवर अख्ख्या फोटोचा फोटो काढला आणि नाक्यावरून प्रिंट आणली. दुकानदार म्हणाला, मॅडम, कड जरा धूसर आहे, कापून देऊ का? ती नको म्हणाली.

मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब मधल्या खुर्चीत होते. परिचय त्यांनी वाचलाच नाही, वाचायची त्यांना सवय नव्हती, फोटो मात्र चष्मा सारखा करून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "वा! मास्कवाल्या तुम्ही म्हणजे. ऐकलंय आम्ही."

"नाही साहेब. ती सुलेखा. मी इथे." तिने टेबलावर वाकून बोट ठेवलं.

राजकुमार सरांनी मान वर केली. काकासाहेबांनी फोटो आणखी जवळ धरला. "ह्या तर बसल्यात. म्हणजे फायनल तुम्ही खेळला नाहीत?"

 रत्नमालाने फोटोकडे पुन्हा बोट केलं. "खेळले, साहेब. तिथूनच."

मग तिने सांगितलं. टाच, खांदा, दोन स्ट्राइक, वाळूजचे प्रेस, अण्णांचे कान. दहा मिनिटांची मुलाखत पाऊण तास चालली आणि बाहेर बसलेले दोघं उमेदवार घड्याळ पाहून कंटाळले. राजकुमार सर अकरा वर्षं तिच्या शेजारी बाकावर बसले होते, तरी तिच्या हाताकडे असे पहिल्यांदाच पाहत होते.

पत्र फेब्रुवारीत आलं. जागा तिला मिळाली. नवीन सहायक अजून नेमायची होती, त्यामुळे चुन्याचं घमेलं तिच्याच कमरेवर राहिलं, आणि नेमल्यानंतरही राहील असं तनुजाचं म्हणणं. फोटोचं खरं मुलींना तिने स्वतःच सांगितलं होतं. तनुजा दोन दिवस फुगून होती. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "म्हंजे मी सुलेखाताईंवरनं बसायला शिकले. पन बगायला कुठं शिकले, ते कळलं आता."

त्या महिन्यातल्या एका सकाळी जालन्याच्या संघाशी सरावाचा सामना होता. धुकं विरळ झालं होतं, तरी दूरची माणसं अजून सावल्यांसारखी दिसत होती. मैदानाच्या जाळीपलीकडे मफलर गुंडाळून एक म्हातारा येऊन उभा राहिला. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा तिचा सामना पाहायला आले होते. आधी शिफ्ट आडवी यायची, नंतर "मला काय कळतंय त्यातलं" म्हणायचे. रत्नमालाने त्यांना पाहिलं, पण हाक मारून उपयोग नव्हता.

शेवटच्या इनिंगला जालन्याची एक उंच पोरगी बॅट घेऊन उभी राहिली. दोन स्ट्राइक झाले. पोरीची टाच चेंडूच्या आधीच उचलली जात होती. तनुजाने मान वळवून बाकाकडे पाहिलं. रत्नमालाने तळहात जमिनीकडे केला आणि हवा दाबली.

तनुजा पाहतच राहिली. खूण कळली नव्हती असं नाही. तिची नजर मॅडमच्या मागे, जाळीकडे गेली होती. रत्नमालाने वळून पाहिलं. अण्णांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच, ते डोळे बारीक करून त्या पोरीच्या टाचेकडे पाहत होते, आणि त्यांचा उजवा हात जाळीतून पुढे आला होता, तळहात जमिनीकडे.